हॉटेलपासून मेंदूपर्यंत: सोलापुरात राहून रिसर्च करायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात हॉटेल मॅनेजमेंट शिकवते, आणि नोकरी, घर, पोरं सगळं सांभाळत पीएचडी केलीय. माझी धाकटी जाऊ मेंदूविज्ञानात काम करते, ती बंगळुरूला असते. दिवाळीला आली की चकल्या तळता तळता आम्ही दोघी एकमेकींच्या रिसर्चची चिरफाड करतो, आणि दरवेळी लक्षात येतं की विषय दोन टोकांचे असले तरी आम्ही अडतो त्याच त्याच जागी. पोरापोरींचे व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे प्रश्न पण तेच असतात, मग ते कॉमर्सचे असोत, नर्सिंगचे असोत की शेतीचे, म्हणून सगळं एकदा इथं नीट लिहून ठेवतेय.

"मॅडम, मी हॉटेल मॅनेजमेंट करालोय. आमच्यात रिसर्च कशाला लागतंय?"

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून याचं उत्तर लांबलचक देणार आहे.

स्टेशनकडं एक खानावळ आहे, तिथला पोरगा आठ जणांची ऑर्डर कागद-पेन न घेता ऐकतो, कुणाला कडक भाकरी, कुणाला चपाती, कुणाला रस्सा वेगळा, कुणाला कांदा नको, आणि बरोबर ज्याचं त्याच्यापुढं आणून ठेवतो. एका टेबलाशी मराठी, दुसऱ्याशी कन्नड, गल्ल्यावरच्या मालकाशी तेलुगू. तुम्ही याला चांगली सर्व्हिस म्हणाल, माझी जाऊ याला स्मरणशक्ती म्हणते, आणि भाषेचा अभ्यास करणारा तिसराच काहीतरी म्हणेल, पण माणूस एकच आहे आणि त्याच्या डोक्यात नक्की काय चाललंय हा प्रश्न पण एकच आहे.

यावर खरंच काम झालंय. २००८ साली अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सच्या वेटर लोकांवर एक अभ्यास छापून आला. आठ जण टेबलावर बसले, ड्रिंक्स मागवले, वेटरने न लिहिता बरोबर आणून दिले. मग पुढच्या वेळी ऑर्डर दिल्यावर गिऱ्हाइकांनी गुपचूप जागा बदलल्या, तर बहुतेक वेटरांची गडबड झाली! म्हणजे ते पदार्थ माणसाशी जोडून ठेवतच नव्हते, खुर्चीशी जोडून ठेवत होते. किती साधा प्रयोग आहे बघा, यात मशीन नाही, लॅब नाही, एक टेबल आणि आठ खुर्च्या. त्याच्याही आधी १९८८ मध्ये एरिक्सन आणि पोल्सन या दोघांनी एका वेटरचा अभ्यास केला होता जो २० जणांपर्यंतच्या जेवणाच्या पूर्ण ऑर्डरी लक्षात ठेवायचा. आणि १९२७ मध्ये ब्लूमा झायगार्निक या बाईंनी अर्धवट राहिलेली कामं माणसाला जास्त आठवतात का हे तपासलं, ती कल्पनासुद्धा त्यांच्या प्राध्यापकांना, कर्ट लेविनना, हॉटेलातल्या वेटरकडं बघूनच सुचली असं सांगतात, की बिल दिलं नसेल तोवर वेटरला सगळी ऑर्डर पाठ, बिल दिलं की विसरला. (तोच प्रयोग नंतर बऱ्याच जणांनी करून बघितला आणि सगळ्यांना तसाच निकाल मिळाला नाही, ते पण सांगून ठेवते, कारण मोटिव्हेशनल भाषणांत ही गोष्ट अगदी ठाम सत्य म्हणून सांगतात.)

मग आता सांगा, तुमच्या विषयात रिसर्च नाही असं कसं म्हणता? तुम्ही रोज त्या टेबलापाशी उभे असता.

विषय कसा निवडायचा?

"सोलापूर शहरातील हॉटेलांमधील ग्राहक समाधानाचा अभ्यास" हा विषय कृपा करून घेऊ नका. असले विषय दर वर्षी गावाचं नाव बदलून होतात आणि त्यातून कुणालाच काही नवीन कळत नाही.

आपल्याकडं बघायला एवढं पडलंय. आषाढीला पंढरपुरात लाखो माणसं येतात, त्यातली सगळी काही लॉजवर उतरत नाहीत, कितीतरी जण पिढ्यानपिढ्या ठरलेल्या घरी उतरतात, कुणी पैसे घेतं, कुणी नाही. हे आदरातिथ्यच आहे ना? मग त्याचा हिशोब कसा चालतो, पाण्याचं काय, संडासाचं काय, घरातल्या बाईवर किती काम पडतं? अक्कलकोटच्या अन्नछत्रात एवढ्या माणसांचं जेवण वेळेवर कसं निघतं आणि वाया किती जातं? हुरड्याच्या सीझनमध्ये शेतावर पार्ट्या होतात, त्यातून शेतकऱ्याच्या हातात खरंच किती उरतं? पॉवरलूमच्या खडखडाटात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाच्या कानावर आणि लक्षावर काय परिणाम होतो? शेवटचा प्रश्न मेंदूवाल्यांचा आहे, पण उत्तर मिळणार ते आपल्याच पूर्व भागात, जिथं हे लूम चालतात.

माझा नियम एकच, विषय असा पाहिजे की तो सांगितल्यावर घरातला माणूस "हो का? मग काय निघालं?" असं विचारेल.

सोलापुरात रिसर्च होतो तरी का? पुण्याला जायलाच पाहिजे का?

तुम्ही खाता ती मालदांडी ३५-१ ज्वारी मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडून काढलेली आहे. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून आपल्या केगावला आहे, तेल्या रोगावर तिथं काम चालतं, आणि लोह व जस्त जास्त असलेली 'सोलापूर लाल' ही जात तिथलीच. आपलं विद्यापीठ २००४ चं, आणि एकाच जिल्ह्यापुरतं आहे. काही जणांना ते कमीपणाचं वाटतं, मला वाटत नाही, एका जिल्ह्याकडं एवढं नीट बघायला मिळणं ही चांगली गोष्ट आहे.

फक्त एक लक्षात ठेवा, डॉक्टरकी आणि नर्सिंगकडची पीएचडी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडं, शेतीची राहुरीकडं. फॉर्म भरायच्या आधी हे बघून घ्या.

मेंदूवर काम करायला एमआरआय लागतंच का?

नाही. आणि हे मी नाही, माझी जाऊ सांगते.

एक उदाहरण देते, आपल्या रेल्वे लाइनवरच्याच हैदराबादचं. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या निम्स हॉस्पिटलमधल्या डिमेन्शियाच्या ६४८ पेशंटच्या नोंदी तपासल्या, २०१३ साली ते प्रसिद्ध झालं. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये विसरण्याचा आजार साधारण साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि जे शाळेतच गेले नव्हते त्यांच्यातही हा फरक दिसला, म्हणजे हे नुसतं शिक्षणामुळं नाही. आता आपलं गाव बघा. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, एका गल्लीत चार भाषा, आणि शाळा न शिकलेली आजीसुद्धा तीन भाषांत भांडू शकते. असल्या प्रश्नासाठी याहून चांगली जागा कुठली असेल? मात्र हेही खरं की भाषांचा मेंदूला फायदा होतो का यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, पुढच्या बऱ्याच अभ्यासांत तसा फायदा दिसला नाही, म्हणूनच अजून अभ्यास पाहिजेत.

साध्या लॅपटॉपवर प्रतिक्रियेला किती वेळ लागतो ते मोजता येतं. 'लाल' हा शब्द हिरव्या रंगात लिहायचा आणि रंग कुठला ते विचारायचं, माणूस अडखळतो. हा स्ट्रूपचा प्रयोग १९३५ पासून चालत आलाय, आणि घरी तेलुगू बोलणाऱ्या, शाळेत मराठी वाचणाऱ्या पोरांवर करायला खर्च जवळजवळ काहीच नाही.

पण मशीनमधून आलेले रंगीत फोटो जास्त पक्के असतात ना?

मेलेल्या माशाची गोष्ट ऐका. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा एफएमआरआय मशीनमध्ये (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या) ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि फोटोतल्या माणसाला काय वाटत असेल ते विचारलं. नेहमीच्या ढोबळ पद्धतीने आकडे काढले तर माशाच्या मेंदूत काही ठिपके "काम करताना" दिसले! मासा मेलेला होता. झालं काय होतं, मशीन एका वेळी हजारो छोटे छोटे चौकोन तपासतं, मग त्यातले काही नुसत्या योगायोगानेच पेटलेले दिसणार, आणि त्यासाठीची दुरुस्ती केली की ते सगळे ठिपके गायब. हे त्यांनी मुद्दाम लोकांचे डोळे उघडायला केलं.

ही गोष्ट मी माझ्या हॉटेलवाल्या पोरांना सांगते कारण तुम्ही पण तेच करता, ४० प्रश्नांची प्रश्नावली, प्रत्येक प्रश्न वय, लिंग, उत्पन्न, शिक्षण सगळ्यांशी जोडून बघायचं, मग काहीतरी 'सिग्निफिकंट', म्हणजे नुसता योगायोग नाही असं वाटणारं, निघणारच की. तो तुमचा मेलेला मासा आहे.

सॅम्पल ३८४ च का घेतात सगळे?

कारण क्रेजसी आणि मॉर्गन यांचं १९७० चं एक टेबल आहे, त्यात लोकसंख्या दहा लाख असली तर सॅम्पल ३८४ येतं. तेवढंच पाठ करून सगळे थिसिसमध्ये टाकतात. पण त्याच टेबलात लिहिलंय की एकूण ३०० माणसं असतील तर १६९ पुरतात, १०० असतील तर ८०. आणि मुख्य म्हणजे हे टेबल धरून चालतं की तुम्ही माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलीत. गड्ड्याच्या जत्रेत उभं राहून जो दिसेल त्याच्या हातात फॉर्म दिला तर ३८४ काय आणि चार हजार काय, ते सगळ्या सोलापूरकरांचं मत होत नाही. तसं केलं असेल तर तसं लिहा, "सोयीने मिळालेले लोक घेतले". प्रामाणिकपणे लिहिलेलं चालतं, परीक्षकसुद्धा मान डोलावतात.

आणि सगळ्याच प्रश्नांना मोठं सॅम्पल लागत नाही. १२ स्वयंपाकिणींशी दोन दोन तास नीट बोललात तर त्यातून जे कळेल ते ३८४ फॉर्ममधून कळणार नाही.

इंग्लिश प्रश्नावली मराठीत करायची कशी?

इथं माझा स्वतःचा अनुभव सांगते. सेवेचा दर्जा मोजायला सर्व्हक्वाल म्हणून एक प्रसिद्ध प्रश्नावली आहे, पॅरासुरामन, झाईटहॅमल आणि बेरी यांची, १९८८ ची, त्यात २२ विधानं असतात. मी ती शब्दाला शब्द लावून मराठीत केली आणि पंढरपूरला घेऊन गेले. पहिल्याच दिवशी एका मावशींनी अर्धी वाचून कागद परत दिला, म्हणाल्या, "बाई, हे कुणाला कळायचं?" बरोबर होतं त्यांचं. सगळे फॉर्म बाजूला ठेवले आणि दोन महिने परत भाषेवर घातले.

पद्धत अशी असते, एकाने मराठीत करायचं, मूळ इंग्लिश न बघितलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्लिशमध्ये करायचं, मग दोन्ही इंग्लिश समोरासमोर ठेवायचे, जिथं फरक दिसतो तिथं तुमचं मराठी फसलंय. त्यानंतर पाच-दहा माणसांना वाचून दाखवा आणि "तुम्हाला यातून काय कळलं" ते विचारा.

दुसरी अडचण आपल्या स्वभावाची आहे. आपली माणसं समोरच्याचं मन मोडत नाहीत. जेवण कसं होतं विचारलं की "बरं हाय की" म्हणणार आणि पाचपैकी पाचवर टिक करणार. म्हणून कसं होतं असं विचारू नका, "ताटात काय उरलं?", "परत आलात तर इथंच याल का?" असं विचारा. जमलं तर स्वतः ताटं बघा.

परवानगी कुणाकुणाची लागते?

माणसांवर काहीही करत असाल तर एथिक्स कमिटीची, आणि ती आधी घ्यायची, डेटा गोळा झाल्यावर नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा, तुम्ही डॉक्टर नसलात तरी वाचा. औषध किंवा उपचार तपासणार असाल तर सीटीआरआयवर (अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत) पहिला पेशंट घ्यायच्या आधी नोंदणी करायची. शाळेतली पोरं असतील तर पालकांची संमती, आणि पोरालाही विचारायचं.

हॉटेलच्या कामगारांशी बोलताना तर फार जपायला पाहिजे. मालक शेजारी उभा असताना घेतलेली मुलाखत धरू नका, आणि जो बोलला त्याचं नाव, हॉटेलचं नाव, त्याला ओळखता येईल असं काहीही लिहू नका. एखाद्याची नोकरी जाते हो यात.

पीएचडीला प्रवेश कसा मिळतो, किती वर्षं लागतात?

२०२४ पासून नेट परीक्षेच्या मार्कांवर पीएचडीला प्रवेश घेता येतो, त्यात तीन गट केलेत आणि तिसरा गट फक्त पीएचडीपुरता आहे. शिवाय विद्यापीठाची स्वतःची पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, असते, ती कधी आहे ते जाहिरातीतच बघा. २०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणं कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, पुढं परत नोंदणी करून २ वर्षं मिळतात, बायकांना आणखी २ वर्षांची सवलत आहे. ती सवलत बिनधास्त घ्या, त्यात कमीपणा काही नाही. एम.फिल. बंद झालंय, कुणी करून देतो म्हणालं तर पैसे देऊ नका.

नोकरी करत पार्ट-टाइम चालतं, ऑफिसचं ना-हरकत पत्र लागतं.

पैशाचं काय?

नेटमधून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० (जानेवारी २०२३ पासूनचे दर), घरभाडं भत्ता वेगळा. राज्याकडून बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिप आहेत, ज्याची त्याची पात्रता वेगळी आहे. पैसे कधी कधी खूप उशिरा येतात, तोवरची सोय करून ठेवा.

गाईड कसा बघायचा? माझा विषय दोन शाखांच्या मधला आहे.

मोठं नाव बघू नका, त्यांच्याकडच्या आधीच्या विद्यार्थ्यांना भेटा आणि एकच विचारा, "लिहून दिलेलं किती दिवसात वाचून परत मिळतं?" एका प्राध्यापकाला ८, सहयोगीला ६, सहायकाला ४ इतकेच विद्यार्थी घेता येतात, म्हणून जागा रिकामी आहे का ते आधी विचारून घ्या. विषय दोन शाखांचा असेल तर सहमार्गदर्शक घेता येतो. माझ्या एका विद्यार्थिनीचा विषय "हॉटेलचं की मानसशास्त्राचं" यावरच एका ठिकाणी आठ महिने अडकून होता, ती रडकुंडीला आली होती. म्हणून सिनॉप्सिसच्या (सुरुवातीला द्यायच्या आराखड्याच्या) पहिल्याच पानावर मुख्य शाखा कोणती आणि मदतीची कोणती ते स्पष्ट लिहा.

पेपर वाचायला पैसे मागतात, फुकट कुठं मिळतील?

शोधगंगा या वेबसाइटवर देशभरातले थिसिस फुकट आहेत, तुमच्या विषयावर आधी काय झालंय ते तिथं पहिल्यांदा बघा. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालंय, ३० प्रकाशकांची १३,००० पेक्षा जास्त जर्नल्स सरकारी संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना उघडी आहेत. आपल्याच कॉलेजात ते सुरू आहे आणि कुणी उघडूनसुद्धा बघत नाही असं होऊ देऊ नका, ग्रंथपालांना जाऊन विचारा. नाहीतर सरळ लेखकाला ईमेल करा. मी अशा कितीतरी ईमेल केल्यात आणि बहुतेकांनी आनंदाने पेपर पाठवलेत.

"दोन दिवसात पेपर छापून देतो, फक्त १५०० रुपये" असा मेसेज आलाय. देऊ का?

देऊ नका. चांगल्या जर्नलमध्ये दोन तज्ज्ञ तुमचा पेपर वाचतात, त्याला महिने लागतात. दोन दिवसात छापतो म्हणजे कुणी वाचणारच नाही. २०२२ च्या नियमांत पीएचडीसाठी पेपर छापण्याची सक्ती काढलेली आहे, तरी तुमच्या विद्यापीठाचा नियम वेगळा आहे का ते बघून घ्या. यूजीसीने चांगल्या जर्नल्सची केअर यादीसुद्धा बंद केलीय, म्हणजे आता जर्नल चांगलं की वाईट हे ठरवायची जबाबदारी आपल्यावरच आली. त्यातले पाच जुने पेपर उघडून वाचा, लगेच कळतं.

माझा निकाल काहीच आला नाही. आता काय करू?

तसंच लिहा. फरक दिसला नाही हाही निकालच असतो.

आकडे पिळून पिळून काहीतरी काढणाऱ्यांचं काय होतं ते आमच्याच क्षेत्रात घडलंय. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले ब्रायन वानसिंक हे माणूस किती खातो, ताट केवढं असावं यावरचे जगप्रसिद्ध संशोधक होते, आम्ही वर्गात त्यांचे प्रयोग शिकवायचो. इतरांनी त्यांचे आकडे तपासले, चुका सापडत गेल्या, २०१८ मध्ये विद्यापीठाने गैरवर्तन झाल्याचं सांगितलं, एकाच दिवशी त्यांचे सहा पेपर मागे घेतले गेले. मला त्याचं खूप वाईट वाटलं होतं, कारण मी ते पोरांना खरं म्हणून सांगितलं होतं. पुढच्या बॅचला उभं राहून सांगितलं की मागच्या वर्षी शिकवलेलं काढून टाका.

मानसशास्त्रात पण २०१५ मध्ये १०० जुने अभ्यास परत करून बघितले, तर ३६ टक्क्यांच्या आसपासच पुन्हा तसे निघाले. म्हणून दुसऱ्याचा अभ्यास आपल्या गावात परत करून बघणं हे कमी दर्जाचं काम नाही. ते खुर्च्या बदलायचं प्रकरण आपल्या खानावळीत करून बघा की कुणीतरी!

एआय कडून लिहून घेतलं तर?

ते कधी कधी संदर्भ खोटे देतं. लेखकाचं नाव, साल, जर्नल सगळं खरं वाटतं आणि तसा पेपर जगात नसतो. स्पेलिंग, व्याकरण तपासायला वापरा, विचार तुमचा पाहिजे. कॉपीबद्दल म्हणाल तर २०१८ चा यूजीसी नियम आहे, १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्याच्या वर गेलं की थिसिस परत येतो, ६० च्या वर नोंदणीच रद्द.

आणि ते "थिसिस लिहून मिळेल" वाले, त्यांच्याकडं जाऊच नका. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) तुम्हाला एकट्यालाच उभं राहायचंय.

माझं इंग्लिश कच्चं आहे.

आधी मराठीत लिहा. खरंच. जे मराठीत स्वतःला समजावता येत नाही ते इंग्लिशमध्ये लिहिलं तरी पोकळच राहतं. भाषांतर नंतर होतं.

ज्यांनी फॉर्म भरून दिले, मुलाखती दिल्या, त्यांना निकाल सांगायचा का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण विचारला की मला त्या पोराचा किंवा पोरीचा अभिमान वाटतो. हो, सांगायचा. एक पान मराठीत, मोठ्या अक्षरात, लागलं तर कन्नडमध्ये किंवा तेलुगूत पण. मी माझं पान घेऊन पंढरपूरला परत गेले होते, त्याच मावशींकडं. त्यांनी यावेळी शेवटपर्यंत वाचलं, दोन ठिकाणी बोट ठेवून "हे असं नाही हो" म्हणाल्या, आणि त्यातली एक चूक खरंच माझी होती. थिसिस जमा व्हायच्या आधी गेले होते म्हणून दुरुस्त करता आली, तुम्ही पण आधीच जा.